केन फॉलेट: हेरकथा आणि ऐतिहासिक कादंबरी

अक्षरयात्री:
केन फॉलेट यांच्या 'आय ऑफ द नीडल' (१९७८) आणि 'द पिलर्स ऑफ द अर्थ' (१९८९) या कादंबऱ्या मी नुकत्याच लागोपाठ वाचल्या. पहिलीत १९४४ सालचा जर्मन हेर आहे, तर दुसरीत बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये कॅथीड्रल उभारणारे गवंडी. हेरकथांनी नाव आणि पैसा दोन्ही दिले असताना लेखक एवढी वाट का बदलतो, आणि त्याच्या लेखनात नेमके काय बदलते?

तळटीप:
वाट बदलली असे मला वाटत नाही. 'पिलर्स'ची काही प्रकरणे फॉलेट यांनी १९७६ मध्येच, म्हणजे हेरकथा गाजण्याच्या आधी, लिहून बाजूला ठेवली होती. शिवाय त्यांच्या हेरकथाही इतिहासावरच उभ्या आहेत. पूर्व इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया भागातील फौज हा निव्वळ देखावा आहे, याचा छडा 'आय ऑफ द नीडल'मधील जर्मन हेर फेबर याला लागतो. जर्मनांना चकवण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी हा बनाव खरोखरच रचला होता. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवण्याची त्यांची मोहीम फत्ते झाली हे आपल्याला ठाऊक असते, तरीही वादळी बेटावर तिथेच राहणारी लुसी एकटीच फेबरसमोर उभी ठाकते तेव्हा पुस्तक खाली ठेववत नाही.

'पिलर्स'मध्ये हेच कसब कामी आले आहे. ११२० मध्ये 'व्हाइट शिप' बुडाले, राजाचा वारस गेला आणि पुढे गादीसाठी यादवी माजली, हा झाला इतिहास. वाचकाचा जीव मात्र टांगणीला लागतो तो गवंडी टॉमला काम मिळेल का आणि त्या हिवाळ्यात त्याची पोरे जगतील का, या काळजीने. बदलला तो काळाचा पल्ला. बांधकाम अनेक दशके चालत असल्यामुळे दर काही प्रकरणांनी नवे संकट आणावे लागते: कधी दगडाच्या खाणीवरून तंटा होतो, कधी लोकरीच्या जत्रेत आग लावली जाते, कधी छतच कोसळते.

उंबरठा:
तळटीप यांचे म्हणणे पटले, पण या कसबाची किंमतही मोजावी लागली आहे. 'पिलर्स'मधला खलनायक विल्यम हॅमली पहिल्यापासून शेवटपर्यंत केवळ दुष्ट आहे, आणि हजारभर पानांत तेच ते क्रौर्य पाहून कंटाळा येतो. फेबर खुनी असूनही त्याच्या एकाकीपणाची कणव येते. म्हणजे खलपुरुष लहान हेरकथेतच अधिक चांगला उतरला, असे माझे स्पष्ट मत आहे. 'पिलर्स'ची खरी ताकद गवंडीकामात आहे. कमानीचे वजन कुठे पेलले जाते, भिंतीला तडा का जातो, हे फॉलेट इतके सोपे करून सांगतात की त्यातही रहस्य वाटू लागते. आपल्याकडील बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मध्यभागी राजा किंवा सेनापती असतो. येथे राजे कडेला आणि कारागीर मध्ये, हा फरकही मला महत्त्वाचा वाटतो.

पानगळ:
'पिलर्स'नंतरही फॉलेट यांनी हेरकथा सोडली नाही. 'जॅकडॉज' (२००१) ही जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरलेल्या महिला हेरांची कथा आहे, तर 'पिलर्स'मधले कॅथीड्रल जिथे उभे राहते त्या किंग्जब्रिज गावाकडे ते थेट २००७ मध्ये 'वर्ल्ड विदाउट एंड' घेऊन परतले. आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मात्र 'अ कॉलम ऑफ फायर' (२०१७) मध्ये मिळेल. तीत किंग्जब्रिजचाच नेड विलर्ड पहिल्या एलिझाबेथ राणीच्या हेरखात्यात काम करतो, त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच कथानकात नांदतात. पुढे तीच वाचावी. आधीचे भाग वाचलेले नसले तरी अडत नाही.