मदत हवी आहे: मुलांकडून कागदाच्या लगद्याच्या वाट्या करून घ्यायच्यात

मे महिन्यात नणंदेची आणि आमची मिळून चार मुलं घरात असतील, दुसरी ते चौथीतली. विकतचं किट आणायचं नाही. रद्दी ढीगभर पडलीय, म्हणून लगद्याच्या वाट्या-टोपल्या करायचं ठरवलंय. कागद फाडून रात्रभर भिजवायचा, वाटायचा, घट्ट पिळायचा, पालथ्या वाटीवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून त्यावर थापायचा, इथपर्यंत ठीक. अडलंय चिकटपणासाठी काय घालायचं इथे. सासूबाई म्हणतात, भिजवलेली मेथी वाटून घाल, कीडही लागत नाही. शेजारच्या काकांनी खळीत मोरचूद टाकायला सांगितलं. पण ते विषारी, आणि आमचा धाकटा अजून बोटं चोखतो, त्यामुळे ते बादच!

एका वर्तमानपत्राच्या लगद्याला मेथी साधारण किती घ्यावी? आम्ही चिपळूणला, हवा दमट. थर किती जाड ठेवला तर बुरशी न येता वाळेल? पोस्टर कलर थेट बसतो, की आधी खडूची पूड आणि फेविकॉलचा हात द्यावा?

आणि चौघांनाही एकाच वेळी गुंतवता येईल अशी कामं कशी वाटून देता? नाहीतर मिक्सरच्या बटणावरून मारामारी ठरलेली.