मदत हवी आहे : स्थाननिश्चितीच्या फाईलवर ‘एच-इंडेक्स कमी’ असा शेरा

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. लेव्हल 12 (सहायक प्राध्यापक) वरून 13ए (सहयोगी प्राध्यापक) साठी कॅसची, म्हणजे बढती योजनेतल्या स्थाननिश्चितीची, फाईल लावली आहे. पीएच.डी. आहे, शोधनिबंध सात भरतात, त्यातले तीन मूल्यांकन काळातले. तरी अंतर्गत छाननीत पहिला प्रश्न आला, “मॅडम, एच-इंडेक्स तीनच?” आणि पेन्सिलीने तसा शेरा पडला. एच-इंडेक्स तीन म्हणजे प्रत्येकी निदान तीनदा इतरत्र संदर्भ दिला गेलाय असे तीन निबंध. शेजारच्या विभागातल्या सरांचा चौदा आहे. ते नॅनो पदार्थांवर काम करतात. त्या विषयात जगभर एवढे लोक लिहितात की सायटेशन (दुसऱ्यांच्या निबंधांत दिलेले संदर्भ) भराभर वाढतात. त्यांचं काम चांगलंच आहे, पण तुलना कशाची कशाशी?

मी कास आणि आजूबाजूच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, फिरते. गेंद या छोट्या रानफुलाच्या दोन जाती वेगळ्या सांगायच्या तर बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते, आणि बी हाती लागतं ते पावसाळा सरताना. तो आठवडा चुकला की वर्ष गेलं. एका निबंधामागे माझे तीन पावसाळे गेलेत. इम्पॅक्ट फॅक्टरला (नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) मात्र मागच्या दोन वर्षांतले लेखच चालतात. आमच्याकडे कारवी फुलायलाच सात वर्षं लागतात! वायतुरा या सड्यावरच्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, आपल्या साताऱ्यावरून पडलंय. ते नाव कितीतरी याद्यांत येतं, पण ज्या निबंधात ते पहिल्यांदा दिलं तो संदर्भसूचीत क्वचितच दिसतो. आमच्या विषयात काम वापरलं जातं, मोजलं जात नाही.

सहकारी सुचवतात, एका सर्वेक्षणाचे तीन निबंध कर. कुणी म्हणतं, एकमेकांच्या निबंधात नावं घालू. व्हॉट्सॲपवर तर ‘पैसे भरा, आठवड्यात प्रकाशन’ असे निरोप रोजचेच. यातलं काहीही मला करायचं नाही.

एच-इंडेक्स खरंच सक्तीचा आहे का? आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. माझे दोन निबंध त्यानंतरचे आहेत. नियतकालिक चांगलं आहे हे कशावरून दाखवू?

कृष्णाकाठ (सांगली)
मॅडम, 2018 चं यूजीसी नियमन उघडून बसा. 12 ते 13ए च्या अटींत एच-इंडेक्सचा आकडा कुठेही नाही. 110 रिसर्च स्कोअर (संशोधनाचे गुण) लागतो तो पुढे, प्राध्यापकपदाला. त्या गुणांच्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टरनुसार गुण वाढतात, ती लढाई तेव्हाची. आत्ता तो शेरा कोणत्या कलमाखाली आहे हे लेखी विचारा. तोंडी वाद घालू नका, आपल्याकडे तोंडी बोलणं फाईलला लागत नाही.

सडा_आणि_दव
एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी 2005 मध्ये मांडला. वेगवेगळ्या विषयांतले आकडे थेट शेजारी ठेवू नयेत हे त्यांनीही तेव्हाच लिहिलंय. तुमचे सातही निबंध खूप गाजले तरी इंडेक्स सातच्या वर जाणार नाही, हे समितीला गणित करून दाखवा. केअर बंद करताना यूजीसीने नियतकालिक पारखायचे निकष सुचवलेत आणि निवड संस्थांवर सोपवली आहे. त्या दोन निबंधांसोबत संपादक मंडळ, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आणि परीक्षकांशी झालेला पत्रव्यवहार जोडा. तो पत्रव्यवहार सगळ्यात बोलका.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. परीक्षकांचे अभिप्राय जपून ठेवलेत. एकाने बियांचे फोटो पुन्हा काढायला लावले होते, तेही आहे. सोमवारी कलमाबद्दलचं पत्र देते. कुणाकडे अशा पत्राचा मराठी नमुना असेल तर कृपया इथे टाका.