नवरा सर्जन, बायको भूलतज्ज्ञ, दोन मुलं: मिशन हॉस्पिटलला जाण्याआधी काय काय ठरवून घ्यावं?

वाट_नवापूरची

जय ख्रिस्त. आम्ही दोघंही डॉक्टर. हे जनरल सर्जन, मी भूलतज्ज्ञ. मुलगी 9 वर्षांची, चौथीत. मुलगा 3 वर्षांचा. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या बाजूला असलेल्या एका मिशन हॉस्पिटलचं बोलावणं आलंय आणि जूनमध्ये जायचं मनात आहे. पाचारणाबद्दल, म्हणजे देवानेच बोलावलंय याबद्दल, शंका नाही, प्रश्न घराचे आहेत: रात्रीचे कॉल आणि मुलं, मुलीची शाळा, साप-टीबी, आणि कमी पगारात पुढची तजवीज. मिशन हॉस्पिटलच्या आवारातलं, कंपाउंडातलं जगणं जवळून ठाऊक असणाऱ्यांनी नेमकं सांगावं.

कंपाउंड_क्वार्टर_4

जय ख्रिस्त, ताई. बाकी सगळं नंतर, आधी रात्रीचं ठरवा. सर्जन आणि भूलतज्ज्ञ ही जोडी हॉस्पिटलला हवीहवीशी असते, पण घरावर हीच सगळ्यात जड पडते. फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ असं जोडपं असेल तर रात्री वाटून घेता येतात. तुम्हा दोघांना मात्र एकाच केसला उठावं लागणार. साधं सीझर म्हटलं तरी घरातून निघून परत यायला दीड-दोन तास जातात. गर्भाशय फाटलेली बाई किंवा आतडं फुटलेला रुग्ण आला तर उजाडतंच. तेवढा वेळ घरात फक्त 9 वर्षांची मुलगी आणि तिच्या भरवशावर 3 वर्षांचा मुलगा, हे चालणार नाही. कंपाउंडला फाटक आणि वॉचमन असला तरी नाही.

म्हणून होकार कळवण्याआधी तिसरा मोठा माणूस कोण, हे नावानिशी ठरवून घ्या. सगळ्यात टिकाऊ रीत म्हणजे शेजारच्या क्वार्टरशी जोडी. त्या घरातला एक जण त्या रात्री कॉलवर नसेल असाच ड्युटीचा तक्ता लावायचा, आणि हे मेडिकल सुपरिंटेंडेंटनी तक्त्यातच लिहायचं. तोंडी ठरलेलं पहिल्या पावसाळ्यातच मोडतं, कारण माणसं कमी पडली की सगळेच कॉलवर जातात. घराची एक किल्ली शेजारी द्या. इंटरकॉम दोन्ही घरांत वाजेल असा जोडून घ्या, कारण पावसात मोबाइलची रेंज जाते. मुलांना दिवसाढवळ्या सांगून ठेवा की रात्री जाग आली आणि आई दिसली नाही तर अमुक मावशी बाहेरच्या खोलीत असतील. पहिले काही दिवस त्या मावशींना दिवसा घरी येऊ द्या, मुलांना त्यांची सवय होऊ द्या.

दोन गोष्टी करू नका. मुलाला उचलून ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) ड्युटी रूममध्ये झोपवू नका. सुरुवातीला सोपं वाटतं, मग त्याची झोप कायमची मोडते, शिवाय वॉर्डातले जंतू. आणि नर्सिंग कॉलेजच्या मुलींना रात्री घरी बोलावू नका. त्या शिकायला आलेल्या असतात आणि डॉक्टरांना नाही म्हणायची त्यांची हिंमत होत नाही. हॉस्पिटलचं बालसुरक्षेचं धोरण लेखी आहे का, तेही विचारा. मुलांजवळ कोणी एकट्याने थांबायचं आणि कोणी नाही, हे त्यात असायला हवं.

दुसरा प्रश्न सुट्टीचा. तुमच्याखेरीज भूल देणारं कोणी आहे का? नसेल तर महिन्यातून एक शनिवार-रविवार दोघांनाही कॉल नाही, असं मागून घ्या. त्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया होणार नाही हे 108 ला, आजूबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि आशाताईंना शुक्रवारपर्यंत कळलं पाहिजे, म्हणजे अडलेली बाई थेट नंदुरबारला किंवा सुरतेकडे जाते. कळवलं नाही तर ती तुमच्या दारात येते, तिला परत पाठवणं तुम्हाला जमत नाही, आणि सुट्टी कागदावर राहते.

खडू_फळा

मुलीच्या शाळेबद्दल. नवोदयचा (केंद्र सरकारची निवासी शाळा) विचार करत असाल तर नियम आत्ताच पाहा. प्रवेश सहावीत होतो. मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवी शिकत असावं लागतं, आणि परीक्षा मराठीतही देता येते. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी अशी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत गेलेली लागतात. तुमची मुलगी चौथीपर्यंत शहरात शिकली असेल तर तिला ग्रामीण जागा मिळणार नाही, उरलेल्यांतच लढावं लागेल. मुलगा तिसरीपासून ग्रामीण शाळेत गेला तर त्याच्या वेळी ही अडचण नसेल.

बोर्डिंगचं म्हणाल तर कोडाईकॅनॉलची शाळा 1901 मध्ये परदेशी मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच निघाली. आज त्या डोंगरावरच्या शाळांची फी मिशनच्या पगारात बसत नाही. भारतीय मिशनरी कुटुंबांच्या मुलांसाठी तमिळनाडूत डोहनावूरला संतोष विद्यालय आहे, पण नवापूरहून ते फार लांब. एवढ्या लवकर मूल दूर पाठवणं मला पटत नाही. वेल्लोरचं मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. आयडा स्कडर यांना लहानपणी अमेरिकेत नातेवाइकांकडे ठेवून आईवडील भारतात परतले होते, आणि त्या काळातल्या मिशनरी घरांत हे सर्रास चाले. तेव्हा दुसरी वाट नव्हती. आता आहे. पाचवी ते सातवी नवापूरला जाऊन-येऊन करू द्या, संध्याकाळी एक तास दोघांपैकी एकाने गणित-विज्ञान घ्या आणि तो तास ओपीडीच्या वेळापत्रकात बंद म्हणून दाखवा. बोर्डिंगचं आठवीला बघू.

मुलगा मात्र खेळता खेळता मावची ही तिकडची आदिवासी बोली शिकेल, गुजरातीही कानावर पडेल. त्याला अडवू नका. मराठी वाचन घरी पक्कं करा म्हणजे झालं.

वॉर्ड_सिस्टर

नवापूरकडे पावसाळ्यात मण्यार हा सगळ्यात मोठा धोका धरा. रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा बहुतेक वेळा दुखत नाही, सूज नसते, खूण सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठलं आणि पापण्या जड दिसल्या तर उलट सिद्ध होईपर्यंत मण्यारच समजा. मुलांना खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. नुसती सोडलेली मच्छरदाणी डासालाही थांबवत नाही आणि सापालाही नाही. न्हाणीघराच्या मोरीला जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, सरपण घरापासून लांब. सापाच्या विषावरची लस लहान मुलाला मोठ्यांइतकीच लागते, कारण सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं. सुरुवात साधारण 10 कुप्यांनी होते. पावडर स्वरूपातली लस फ्रिजविना टिकते, द्रव स्वरूपातली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. वीज जाणाऱ्या ठिकाणी कोणती साठवलीय ते विचारा.

कुत्री पुष्कळ असतात. दोन्ही मुलांना रेबीजची आधीच द्यायची लस देऊनच निघा: दिवस 0 (पहिल्या डोसाचा दिवस), 7 आणि 21 किंवा 28. पुढे चावा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि दिवस 0 व 3 असे दोनच डोस. इम्युनोग्लोब्युलिन (जखमेत टोचायची तयार अँटिबॉडी) लागत नाही, आणि ते खेड्यात वेळेवर मिळेलच असं नाही.

टीबी हवेतून पसरतो, कपड्यांवरून घरी येत नाही. तेव्हा कपडे बदलण्यापेक्षा ओपीडीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि तुम्ही एन-95 मास्क घाला. घरकामाच्या ताईंना दोन आठवड्यांवर खोकला असेल तर त्यांची थुंकी तपासून घ्या, कामावरून काढू नका. लपवलेला खोकला जास्त वाईट.

तुम्हा दोघांचा हिपॅटायटिस बी चा अँटिबॉडी टायटर (लसीचं संरक्षण रक्तात किती आहे ते मोजणारी तपासणी) निघण्याआधी काढा, 10 च्या वर हवा. सुई टोचली तर एचआयव्हीची औषधं जमेल तितक्या लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. पहिले काही डोस ओटीच्या कपाटात आहेत का, की रविवारी किल्ली शोधावी लागते, हे आधी बघा.

हिशोबनीस

टर्म विमा शहरातला पगार चालू असतानाच काढा. विमा कंपन्या चालू उत्पन्न बघून रक्कम ठरवतात, तिकडे गेल्यावर तेवढं कव्हर मिळणार नाही. आत्ताची आरोग्य पॉलिसी सोडू नका. सोडली तर पुढे नव्याने घेताना जुन्या आजारांची प्रतीक्षा पहिल्यापासून मोजतात. व्यवसायाचा विमा (रुग्णाने भरपाईचा दावा केला तर कामी येणारा) हॉस्पिटल भरतं का, दोघांचा वेगवेगळा आहे का, आणि नोकरी सोडल्यावर जुन्या केसवर दावा आला तर कोण उभं राहणार, हे तीन प्रश्न पत्रात विचारा. ज्यांचे दुसऱ्या राज्यात नोंदणी क्रमांक आहेत त्यांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. ते काम आधी सुरू करा, कागद फिरायला वेळ जातो.

सुकन्या समृद्धी खातं मुलगी 10 वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. तुमच्याकडे वर्षभरही नाही. वर्षाला 250 रुपये भरले तरी ते चालू राहतं.

आणि घर. क्वार्टर, वीज, पाणी मिळतं म्हणून पगार पुरतो, पण निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर सोडावं लागतं आणि मिशनमधली पुष्कळ माणसं तिथेच अडकतात. छोटं का होईना, आईवडिलांच्या गावाजवळ स्वतःचं छप्पर उभं करायचं खातं पहिल्या महिन्यापासून वेगळं ठेवा.

वाट_नवापूरची

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, सोबत यायला तयार आहेत. रात्रीचा तिसरा माणूस म्हणून त्या चालतील का?

कंपाउंड_क्वार्टर_4

येऊ द्या, मुलांना आजीसारखं दुसरं काही नाही. पण तक्त्यात शेजारच्या घराचं नाव तरीही लिहून घ्या. अंधारात अंगणात पाय घसरून आजीच पडल्या आणि तुम्ही दोघं हात धुऊन टेबलापाशी उभे असाल, तर धावून येणारं कोणी हवंच. त्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत बॅटरीवर चालणारा दिवा आणि भिंतीला धरायचा दांडा पहिल्याच आठवड्यात बसवून घ्या. त्यांची बीपी-शुगरची औषधं दोन महिन्यांची नेहमी घरात असू द्या.