दारू 9,000 वर्षं जुनी, मग मोहफुलालाच गुन्हेगार काहून ठरवता?

मोहाखालचा
आमच्या गावात परवा भट्टीवर धाड पडली. दोन ड्रम सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, नाल्यात ओतला, मडकी फोडली. सांजेपर्यंत आंबूस वास होता. तिथंच उभे असलेले एक पाहुणे म्हणाले, "हे व्यसन इंग्रजांनी लावलं." मला हे पटलं नाही, म्हणून धागा काढतो.

चीनमध्ये जिआहू इथं सुमारे 9,000 वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं आंबवल्याच्या खुणा मिळाल्या. इस्रायलच्या राकेफेत गुहेतल्या खुणा तर सुमारे 13,000 वर्षांच्या, म्हणजे शेतीच्याही आधीच्या. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना शिध्यात भाकरीसोबत बीअर मिळे. सुमेरच्या लोकांनी बीअरची देवीच मानली होती, निंकासी.

आमच्याकडे मोह. चैतात पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जायचं, उन्हं चढायच्या आत फुलं वेचायची, अंगणात वाळवायची. वाळली की मनुकांसारखी लाल-काळी होतात. आमची आजी पहिले चार थेंब भुईवर सांडायची, देवाला, आणि मगच पेला पुढं करायची. 1993 पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे, म्हणजे कागदावर माझी आजी गुन्हेगार. हे मला सलते.

आडवी बाटली
दादा, आजीचे थेंब मला समजतात. माझ्या आईनंही सांडले आहेत. पण माझा बाप धानाची चुंगडी सायकलवर टाकून भट्टीवर जायचा आणि रिकाम्या सायकलनं परत यायचा. मे महिन्यात आई शेजारून पायलीभर तांदूळ उसने आणायची. तिथं ना देव होता, ना सण.
आमचं गाव बंदीच्या जिल्ह्याबाहेरचं. तिथं मतदान झालं तेव्हा आडवी बाटली, म्हणजे बंदीची खूण, निवडून दारूचं दुकान बंद पाडलं. त्या रांगेत मी उभी होते. 9,000 वर्षं जुनी गोष्ट आहे म्हणून ती घरात राहू द्यायची असेल तर बायकोला मारणंही जुनंच आहे.

शाळेतला रसायनवाला
एक मुद्दा दोघांकडूनही सुटतोय. जिआहूचं पेय, सुमेरची बीअर, जुनी वाईन, हे सगळं फक्त आंबवलेलं. मद्यार्क साधारण 15 टक्क्यांच्या आसपास गेला की यीस्ट स्वतःच थकतं, त्यामुळे त्यापुढं पेय जातच नाही. बीअर तर याहून खूप सौम्य. भट्टीत मात्र वाफ पकडून ती गार करतात, आणि पहिल्या धारेची दारू त्या हद्दीच्या कितीतरी पुढं जाते. ही रीत, म्हणजे ऊर्ध्वपातन, मानवी इतिहासात पुष्कळ नंतर रुळलं. म्हणजे 9,000 वर्षांचा दाखला सडव्याला लागू होतो, भट्टीला नाही.
शिवाय आता सडव्यात मोहफुलं कमी आणि गूळ आणि नवसागर हा क्षार जास्त. हे आजीचं पेय नव्हे.

मोहाखालचा
नवसागराबद्दल मान्य, शंभर टक्के. माझा वाद त्याच्यासाठी नाहीच. पण भट्टी आमच्याही पिढ्यांची आहे, तिला उपरी म्हणू नका.

जुनी पोथी
जुन्यांचं ऐकायचं असेल तर पूर्ण ऐका. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणाकडे कबुली देतो, की चूक माझ्या मनानं झाली नाही, ती सुरेनं, रागानं, जुगाराच्या फाशांनी घडवली. म्हणजे घर बुडवणाऱ्या दारूची तक्रार तेव्हाही होती.
कौटिल्यानं बंदी घातली नाही. त्यानं सुराध्यक्ष, म्हणजे दारूवर देखरेख करणारा अधिकारी, नेमला, कुणाला किती द्यायची ते ठरवलं, आणि उत्सव-यात्रेत चार दिवस लोकांना दारू करायची मोकळीक दिली. मला यातले ते चार दिवस महत्त्वाचे वाटतात. आजीचे थेंबही त्याच जातीचे.

आडवी बाटली
चार दिवस म्हणता, पाचव्या दिवशी दार कोण लावणार? लावणाऱ्याला मार खावा लागतो, हे पोथीत नाही.

मोहाखालचा
ताई, हे उत्तर तुमच्याच हातात यावं असं मला वाटते. आमच्या भागाला पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. 1996 च्या त्या कायद्यानं दारूबंदी अमलात आणायचा किंवा विक्रीवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. सणापुरती मोहाची, नवसागर वर्ज्य, विक्री नाही, असा ठराव मी पुढच्या ग्रामसभेत मांडायचं म्हणतो.

आडवी बाटली
मांडा. फक्त बायकांची मतं आधी मोजा, आणि हात वर करून नको, चिठ्ठीनं. घरी गेल्यावर हात कुणाचा वर होता ते विचारलं जाते.