मदत हवी आहे: क्रूझच्या एफसीसीची मुदत मार्चअखेर संपतेय

आसावरी_न, २४ जानेवारी २०२२

नमस्कार मंडळी,

मे २०२० ची आमची क्रूझ कंपनीनेच रद्द केली. तेव्हा रोख परतावा न घेता सव्वापट क्रेडिट, म्हणजे एफसीसी (फ्यूचर क्रूझ क्रेडिट, त्याच कंपनीच्या पुढच्या क्रूझला वापरायचं), घेतलं. माझ्या नावावर १,५०० डॉलर, नवऱ्याच्या नावावर १,५००. प्रत्येकी १,२०० मूळ भाड्याचे आणि ३०० बोनस. ईमेलमध्ये दोन तारखा आहेत: ३१ मार्च २०२२ पर्यंत बुकिंग आणि ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत प्रवास. मुदत एकदा वाढवून झालेली आहे. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

आम्ही अमेरिकेत राहतो, ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीय. सासूबाई जूनमध्ये येणार आहेत, त्यांचा बी-२ (पर्यटक) व्हिसा दहा वर्षांचा आहे. त्यांनाही न्यायचं आहे, शक्यतो अलास्काला.

अडचणी अशा:
१. आता रोख पैसे मिळतील का?
२. आमचं क्रेडिट सासूबाईंच्या तिकिटाला लावता येईल का?
३. ओमायक्रॉनमुळे पुन्हा रद्द झालं, किंवा आम्हीच रद्द केलं, तर क्रेडिटचं काय?
४. वेबसाइटवर क्रेडिट टाकायची जागाच दिसत नाही. जुनं बुकिंग एका ऑनलाइन एजन्सीमार्फत होतं, त्यामुळे असेल का?

सुकाणू

चौथ्यापासून सुरू करतो, कारण घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. एफसीसी हे कूपन नाही. ते प्रवाशाच्या नावावर, बहुतेक कंपन्यांत त्याच्या लॉयल्टी क्रमांकाशी (कंपनीच्या सदस्य क्रमांकाशी) जोडलेलं असतं. एजन्सीने २०२० मध्ये तुमचा लॉयल्टी क्रमांक न टाकता बुकिंग केलं असेल तर सिस्टिममध्ये तुमची दोन खाती असू शकतात: एक तुम्ही लॉगिन करता ते आणि दुसरं क्रेडिट पडून असलेलं. फोन करून दोन्ही खाती एकत्र करायला सांगा. आडनाव बदललं असेल, किंवा पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव वेगळ्या क्रमाने असेल, तर तेही त्याच फोनवर दुरुस्त करून घ्या. नाव जुळलं नाही की क्रेडिट लागत नाही.

अनेक ठिकाणी एफसीसी ऑनलाइन लागतच नाही. आधी बुकिंग करून डिपॉझिट भरायचं, मग फोनवर किंवा एजंटकडून क्रेडिट लावून घ्यायचं. काही कंपन्या डिपॉझिटही क्रेडिटमधून घेतात, काही ते कार्डानेच मागतात. क्रेडिट लागल्यावर नव्याने येणारं इन्व्हॉइस बघा. त्यात एफसीसीची रक्कम वेगळ्या ओळीत, दोघांच्या नावापुढे दिसली पाहिजे. "नोट टाकली आहे, लागेल" एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. फायनल पेमेंटची तारीख प्रवासाच्या साधारण ७५ ते १२० दिवस आधी येते. तोवर क्रेडिट लागलं नसेल तर पूर्ण रक्कम कार्डाने भरावी लागते, नाहीतर बुकिंग रद्द होतं.

नवीन बुकिंग जुन्याच एजन्सीकडे करायची सक्ती सहसा नसते. पण एजन्सीमार्फत केलंत तर पुढचा प्रत्येक बदल तिच्याच हातात राहतो, कंपनी थेट तुमच्याशी बोलत नाही. मुदत इतकी जवळ असताना मधला माणूस नसलेला बरा. तुमचा एजंट फोन उचलणारा असेल तर गोष्ट वेगळी.

आता रोख. मूळ रक्कम आणि बोनस हे दोन वेगळे प्राणी आहेत. बोनस कंपनीने वरून दिलेला, त्याचे रोख पैसे कुणीच देत नाही. मूळ १,२०० चं मात्र ईमेलमधल्या अटींवर ठरतं. काही कंपन्यांनी न वापरलेली मूळ रक्कम मुदतीनंतर मूळ कार्डावर परत करू असं लिहून दिलं आहे. अटींमध्ये मूळ क्रेडिटपुढे "रिफंडेबल" असा शब्द आहे का ते बघा. असेल तर क्रेडिट संपवण्यासाठी वाटेल ती क्रूझ घ्यायची गरजच नाही.

दर्यावर्दी_७

कार्डवाल्या बँकेकडे चार्जबॅक टाका की. सेवा मिळाली नाही, पैसे परत. साधी गोष्ट.

सुकाणू

@दर्यावर्दी_७, इतकी साधी नाही. सेवा न मिळाल्याच्या तक्रारीला व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत सेवेच्या ठरलेल्या तारखेपासून साधारण १२० दिवस असतात आणि मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची कमाल मर्यादा. मे २०२० ची क्रूझ दोन्हींत बसत नाही. शिवाय परताव्याऐवजी क्रेडिट निवडलं की कंपनी तीच निवड बँकेला पुरावा म्हणून दाखवते. आणि चार्जबॅक चालू असताना काही कंपन्या क्रेडिट गोठवतात, म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं.

अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांबाबत फेडरल मॅरिटाइम कमिशनचा ग्राहक तक्रार आणि तंटा निवारण विभाग आहे. तो कंपनीला हुकूम देत नाही, मध्यस्थी करतो, आणि ती फुकट असते. ईमेलमधली अट कंपनीच पाळत नसेल तर तिथे जा. नुसती मुदत संपतेय म्हणून गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही.

हिशेबठिशेब

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा नाही. एफसीसी ज्याच्या नावावर, त्याच्याच भाड्याला लागतं. काही कंपन्या एकाच बुकिंगमधल्या दुसऱ्या प्रवाशाला क्रेडिट देऊ देतात, म्हणून विचारा जरूर, पण नाही असं धरून हिशेब मांडा.

आणि ते भाड्यालाच लागतं. बंदर शुल्क, कर, टिप, किनाऱ्यावरच्या सहली, वायफाय या कशालाही बहुतेक ठिकाणी लागत नाही. त्यामुळे स्वस्तातली केबिन घेणं इथे महागात पडतं. आकडे नमुन्याचे आहेत, ७ रात्रींची क्रूझ, माणशी:

आतली केबिन: भाडं ९००, सगळं क्रेडिटमधून. कर आणि बंदर शुल्क २२०, टिप रोज १५ प्रमाणे १०५. खिशातून ३२५. क्रेडिट उरलं ६००.

बाल्कनी: भाडं १,६५०. क्रेडिट १,५०० वजा, उरले १५०. कर २२०, टिप १०५. खिशातून ४७५. क्रेडिट उरलं शून्य.

म्हणजे १५० डॉलर जास्त टाकून ६०० वापरले जातात. उरलेल्या ६०० चं नवं क्रेडिट मिळतं खरं, पण त्यावर तारीख जुनीच असते, ३१ मार्च. तेवढ्यात दुसरी क्रूझ बुक करणार नसाल तर ते गेल्यात जमा. म्हणून माणशी भाडं क्रेडिटपेक्षा किंचित वर जाईल अशी केबिन किंवा तारीख शोधायची.

वेबसाइटवरचा मोठ्या अक्षरातला दर बघून ठरवू नका. बुकिंगच्या शेवटच्या पानावर भाडं आणि कर वेगळे दाखवलेले असतात, तिथला भाड्याचा आकडा घ्या. आणि "दुसऱ्या प्रवाशाला ६० टक्के सूट" छाप ऑफरमध्ये एकाचं भाडं १,७०० आणि दुसऱ्याचं ७०० असं विभागलेलं निघू शकतं. मग एकाचं क्रेडिट कमी पडतं आणि दुसऱ्याचं अर्धं वाया जातं. भाडं दोघांत समान वाटून लावता येईल का, हे फोनवर आधी विचारा.

सासूबाईंना तुमच्याच केबिनमध्ये तिसऱ्या म्हणून घेतलं तर त्यांचं भाडं बरंच कमी पडतं, कर मात्र पूर्ण. तिघांच्या केबिन जहाजावर मोजक्या असतात आणि आधी भरतात. दोघांची केबिन घेऊन नंतर तिसरं नाव घालू, हा बेत बहुतेक वेळा फसतो.

परदेशी_पाखरू

अलास्काचं जरा थांबून ठरवा. प्रश्न क्रेडिटचा नसून कागदपत्रांचा आहे.

परदेशी झेंड्याचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं, जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी सरळ नेऊ शकत नाही, १८८६ चा पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट आडवा येतो. म्हणून सिअ‍ॅटलहून अलास्काला जाऊन परत येणारी मोठी जहाजं व्हिक्टोरियासारख्या कॅनडाच्या बंदरात थांबतात. २०२१ मध्ये कॅनडाने बंदरं बंद ठेवली होती म्हणून अमेरिकेला तात्पुरता कायदा करून ही अट शिथिल करावी लागली. कॅनडाने १ नोव्हेंबर २०२१ पासून बंदी उठवली, त्यामुळे यंदा थांबा पुन्हा आला.

तुम्हाला ग्रीन कार्ड आणि वैध भारतीय पासपोर्ट असल्यावर कॅनडाचा व्हिसा लागत नाही. सासूबाईंना मात्र कॅनडाचा व्हिसा लागणार. त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे एवढ्याने भागत नाही. बंदरात खाली उतरणारच नाही म्हणालात तरी कंपनी व्हिसाशिवाय जहाजावर घेणार नाही. सध्या अर्ज आणि बायोमेट्रिक्सला लागणारा वेळ बघता जूनची तारीख मला धोक्याची वाटते. ऑगस्टच्या उत्तरार्धातली क्रूझ घेतली तर ३० सप्टेंबरच्या आतही बसेल आणि व्हिसाला श्वास मिळेल. नाहीतर कॅनडा नसलेला मार्ग निवडा आणि प्रत्येक बंदराची भारतीय पासपोर्टसाठीची अट त्या देशाच्या सरकारी साइटवर तपासा.

क्रूझहून परतल्यावर सासूबाईंचे अमेरिकेत राहायचे सहा महिने नव्याने सुरू होतील, असंही धरू नका. शेजारच्या देशात किंवा बेटांवर ३० दिवसांहून कमी राहून आलं तर सहसा जुनीच तारीख पुढे चालते.

लस: सध्याच्या (जानेवारी २०२२) नियमांप्रमाणे त्यांचं कोविन प्रमाणपत्र पासपोर्ट क्रमांक जोडलेलं हवं. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहेत, पण कंपनीची स्वतःची यादी बघाच.

हा धागा एच-१बी वाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असताना कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन येण्याची सवलत आहे, पण बहामासारख्या बेटांसाठी ती फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसाला आहे. "क्रूझ तर अमेरिकेतूनच सुटते" या समजुतीवर जाऊ नका.

आसावरी_न

खूप आभार. ईमेलमध्ये "रिफंडेबल" कुठेच नाही, म्हणजे वापरणं आलं. ऑगस्टअखेरची बाल्कनी बघतेय, माणशी भाडं १,६०० च्या आसपास आहे. तिसऱ्या प्रश्नावर कुणी सांगेल का? आणि विमा घ्यावा का?

सुकाणू

रद्द कोण करतं यावर सगळं आहे.

कंपनीने रद्द केलं तर कार्डाने भरलेले पैसे परत आणि क्रेडिट पुन्हा खात्यात, बहुतेक वेळा नव्या तारखेसह.

तुम्ही रद्द केलं तर खरी गोम. महामारीत बहुतेक कंपन्यांनी लवचिक धोरणं आणली. रॉयल कॅरिबियनचं "क्रूझ विथ कॉन्फिडन्स" हे त्यातलं ठळक, ४८ तास आधीपर्यंत रद्द करून क्रेडिट घ्या. पण अशी धोरणं ठरावीक तारखेपर्यंतच्या बुकिंगला आणि प्रवासाला असतात. आणि क्रेडिटने भरलेलं बुकिंग रद्द केलं की परत येणाऱ्या क्रेडिटला जुनी तारीख लागू शकते. ती ३१ मार्चला उलटून गेलेली असेल, म्हणजे हातात कागदावरचा आकडा. म्हणून बुक करण्याआधी लेखी विचारा: "एप्रिलनंतर आम्ही रद्द केलं तर एफसीसीची नवी तारीख काय असेल?" चॅटवर विचारलंत तर संवाद सेव्ह करा. डिपॉझिट परत मिळणारं की न मिळणारं, हेही तिथेच ठरवा. न मिळणाऱ्यात दर जरा कमी असतो, पण तारीख बदलली की माणशी दंड.

मधलं एखादं बंदर गाळलं तर ते रद्द धरत नाहीत. फक्त त्या बंदराचं शुल्क परत येतं, बरेचदा जहाजावरच्या खर्चाच्या खात्यात. सध्या हे बरंच चाललंय. १५ जानेवारी २०२२ पासून सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची, क्रूझसाठीची नियमावली सक्तीची राहिलेली नाही, ऐच्छिक झाली, पण बंदरं आपापले नियम लावतच आहेत. ३० डिसेंबर २०२१ पासून सीडीसीचा चौथ्या पातळीचा इशाराही आहे, लस घेतलेली असली तरी क्रूझ टाळा असा.

विमा: साधी पॉलिसी "भीती वाटली म्हणून रद्द" याला पैसे देत नाही. कुठल्याही कारणाने रद्द करण्याचं कलम वेगळं विकत घ्यावं लागतं. ते ५० ते ७५ टक्के देतं, पहिलं डिपॉझिट भरल्यापासून साधारण १० ते २१ दिवसांत घ्यावं लागतं आणि निघण्याच्या ४८ तास आधीच वापरावं लागतं. पण तुमचे रोख गुंतलेत किती? माणशी चार-पाचशे. क्रेडिटने भरलेला भाग विमा कंपनी सहसा मोजतच नाही. त्यावर ते कलम घेणं मला पटत नाही. वैद्यकीय खर्च आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च यांचं कव्हर मात्र तिघांनाही घ्या, सासूबाईंचं आधी बघा. पॉलिसीत कोविडचे उपचार आणि विलगीकरणाचा खर्च आहे का, तो शब्द शोधून वाचा.

हिशेबठिशेब

एक राहिलं. फायनल पेमेंटच्या आधी दर उतरला तर फोन करून नवा दर मागता येतो, पण तुमच्या बाबतीत कमी झालेली रक्कम क्रेडिटमध्ये परत जाईल आणि तिथेच मरेल. तेव्हा दर कमी करू नका म्हणावं, त्याच पैशांत वरच्या दर्जाची केबिन द्या किंवा जहाजावरच्या खर्चाचं क्रेडिट द्या.

आणि ३१ मार्च म्हणजे ३१ च्या रात्री १२ असं समजू नका. तारीख बहुतेक ईस्टर्न टाइमने मोजतात, आणि कॉल सेंटर त्याआधीच बंद होतं. शेवटच्या आठवड्यात सगळेच फोन करणार आहेत. फेब्रुवारीतच उरका, मंगळवार-बुधवारी सकाळी.