ब्रँच बदलताना आधी रिकाम्या जागा बघा

इंजिनिअरिंगला ब्रँच बदलायची तर "फर्स्ट इयरला नऊच्या वर पॉइंटर (दहापैकी सरासरी ग्रेड) काढ, कॉम्प्युटर मिळतंच" असं काहीजण सांगतात, ते अर्धंच खरं. पॉइंटर लागतोच, पण सेकंड इयरला त्या ब्रँचची जागाही रिकामी हवी. कुणी सोडून गेलं तर. डिप्लोमावाल्यांसाठी थेट सेकंड इयरच्या वेगळ्या जागा असतात, त्या यात धरू नका. केटी (नापास होऊन राहिलेला विषय) असेल तर प्रश्नच मिटला.

मी रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात सिव्हिलला होतो. जुलैत घरी चिपळूणला आलेलो, आणि ब्रँच बदलाची नोटीस लागलेली तिकडे कॉलेजच्या काचेच्या बोर्डात. पावसाने आत ओल जाऊन शाई पसरलेली, शेवटची तारीख १२ की १७ तेच कळेना. ऑफिसात विचारलं तर "बोर्डावर लिहिलंय ना!" कॉम्प्युटरला शून्य जागा, आयटीला २. आणि मी शहाण्याने फॉर्मवर पसंती एकच भरलेली, कॉम्प्युटर. माझ्यापेक्षा कमी पॉइंटरवाली गुहागरची एक मुलगी आयटीत गेली, मी राहिलो सिव्हिलात जमीन मोजायची लेव्हलिंगची काठी धरून. तेव्हा दुसरी, तिसरी पसंती भराच, आणि रिझल्ट लागला की दुसऱ्याच दिवशी एसटी पकडून ऑफिस गाठा.