नवऱ्याकडे एलटीसी (बंदूक अंगावर बाळगायचं लायसन्स) आहे, पण कॅरी करायला धजावत नाही

कॉटनवुड (केटी, टेक्सास)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. इथल्या काही जणांकडे बंदूक आहे हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते. बंदूक असावी की नसावी हा वाद मात्र कृपया इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

मी रिअल इस्टेट एजंट आहे. अनोळखी माणसांना रिकामी घरं उघडून दाखवणं हेच माझं काम. तीन वर्षांपासून कॅरी करतेय आणि आता ते चष्म्यासारखं झालंय, अंगावर आहे हे आठवतही नाही. नवऱ्याचं पार्सल-शिपिंगचं दुकान आहे. सातला बंद करतो आणि दिवसाची रोकड बँकेच्या नाइट डिपॉझिटमध्ये टाकून घरी येतो. मागच्या वर्षी त्याच रांगेतल्या एका दुकानात बंदूक दाखवून लूट झाली. त्यानंतर तो स्वतःहून म्हणाला, "मीही लायसन्स काढतो."

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवायही कॅरी करता येते, हे माहीत आहे. तरी आम्ही दोघांनी एलटीसी काढलं. एक म्हणजे मुलीला शाळेतून आणायचं असतं. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नको असा १९९० चा फेडरल कायदा आहे, आणि त्यातून राज्याचं लायसन्स असलेल्यांना सूट मिळते. दुसरं, दीर लुइझियानात राहतात, तिथे आपलं लायसन्स चालतं.

परीक्षेत पन्नास गोळ्या असतात: तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा. २५० पैकी १७५ मिळाले की पास. मला २२१ मिळाले होते, त्याला २३८. हे तो अजून ऐकवतो. म्हणजे नेम चुकतो अशातला भाग नाही. ग्लॉक ४३एक्स पिस्तूल घेतली, ती कमरेला लावायचं म्यान, म्हणजे होल्स्टर घेतलं. जेमतेम दोन दिवस लावलं, तेही चेंबर (नळीमागची गोळीची जागा) रिकामं ठेवून, आणि दोन्ही दिवस दर दोन मिनिटांनी कोपराने कंबर चाचपत होता. एसटीत पाकीट चाचपणाऱ्या माणसासारखा. तेव्हापासून बंदूक सेफमध्ये. आज शर्ट आखूड आहे, उद्या पोट बरं नाही, परवा दुकानात पाहुणे येणार आहेत.

मीही चुकतेय बहुतेक. रोज सकाळी "घेतलीस का?" विचारते, डबा घेतलास का विचारावं त्या सुरात. त्याचं तोंड पडतं. कटकट न करता त्याला धीर कसा द्यायचा?

---

खडूसकाका

नसेल करायची तर नको करू दे की. लायसन्स म्हणजे परवानगी, सक्ती नव्हे. मनाविरुद्ध कमरेला लावलेली बंदूक चोरापेक्षा घरच्यांनाच जास्त धोक्याची. रोकडचीच काळजी असेल तर रोज वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रस्त्याने जा म्हणावं.

---

नवखा_डॅलस

अवांतर होतंय, सॉरी. आम्ही दोघं एच-वन-बी आणि एच-फोर व्हिसावर आहोत. लायसन्स लागत नाही म्हणताय, मग आम्हीही घेऊ शकतो का?

---

खडूसकाका

नाही! राज्याने काहीही म्हटलं तरी नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक आणि गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ग्रीनकार्ड मिळाल्यावर गोष्ट वेगळी. या एका चुकीपायी व्हिसा घालवून बसाल.

---

माजघर (फ्रिस्को)

कॉटनवुड, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होते. आमच्याकडे सगळं उलट, नवरा हौशी आणि मी मागे. म्हणून आतून कसं वाटतं ते सांगते.

आधी एक. तुम्ही "धीर नाही" म्हणताय, पण प्रत्येकाची भीती वेगळी असते. मला आवाजाची भीती नव्हती, माणसावर चालवावी लागेल याचीही नव्हती (ती खूप नंतर आली, आणि ती असावीच). मला वाटायचं की ही आपोआप उडेल. भाजी निवडताना, गाडीत बसताना, कुणाच्या पोराने येऊन कमरेला मिठी मारली तर. हसू नका, पहिले सहा महिने मी मैत्रिणींच्या मुलांना लांबूनच "हाय" करत होते.

नवऱ्याने मला पन्नास वेळा समजावलं की ट्रिगर दाबल्याशिवाय ती उडत नाही. डोक्याला पटायचं, पोटाला पटायचं नाही. शेवटी एका बाईने, माझ्या इन्स्ट्रक्टरने, एक साधा प्रयोग करायला लावला. तुमच्याकडे ग्लॉकच आहे म्हणून तो नीट लिहिते.

मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढायचं, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं, बोट घालूनही पाहायचं. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग स्लाइड (वरचा सरकता भाग) एकदा मागे ओढून सोडायची. आता ट्रिगर पुढे आलेला दिसतो, म्हणजे बंदूक कॉक झाली, फक्त आत गोळी नाही. तशीच होल्स्टरमध्ये घालून दिवसभर घरात वावरायचं. वाका, जिना चढा-उतरा, कपडे वाळत घाला, सोफ्यावर लोळा. रात्री काढून बघायचं, ट्रिगर अजून पुढेच आहे का? दिवसभरात कुठेही दाबला गेला असता तर ग्लॉकचा ट्रिगर मागेच राहिला असता. पुन्हा एकदा चेंबर तपासायचं, घराबाहेरच्या विटांच्या भिंतीकडे नळी धरून ट्रिगर दाबायचा. टक् असा आवाज येतो. (आतल्या भिंतीकडे धरू नका, त्या म्हणजे नुसता जिप्समचा पुठ्ठा, आरपार जाते.)

मी हे एकवीस दिवस केलं. एकवीस वेळा टक्. नवऱ्याने वर्षभर समजावून जे झालं नाही, ते त्या आवाजाने केलं.

दुसरं, होल्स्टर कोणतं आहे? मऊ कापडी असेल तर आजच टाकून द्या. ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं हवं, आणि त्याला पेलणारा जाड बेल्ट. ऑफिसच्या पातळ बेल्टवर बंदूक लोंबते, मग माणूस चाचपतच राहणार. तो कोपराचा चाळा निम्मा तरी बेल्टमुळे असेल. लोकांना दिसेल ही भीतीही वायफळ आहे, किराणा दुकानात लोक फोनमध्ये बघतात, आपल्या कंबरेकडे नाही. मी पंजाबी ड्रेसवर बेलीबँड (पोटाला बांधायचा पट्टा) वापरते, त्यातही ट्रिगरवर कडक कवच आहे. साडी नेसले की घरीच ठेवते. पर्समध्ये कधीच नाही, पर्स आपण कुठेही टेकवतो आणि पोरं त्यात चॉकलेट शोधतात.

आता एक प्रश्न, रागावू नका. त्याचं हे नेमकं कधीपासून सुरू झालं? २३८ मिळवणारा माणूस उगाच मागे फिरत नाही. परीक्षा आणि तुम्ही म्हणता ते दोन दिवस, यांच्या मधे काही घडलं का?

---

कॉटनवुड

माजघर, तुमचा प्रश्न वाचून मी त्याला काल जेवताना विचारलं. आधी उडवून लावलं. मग भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून, सांगितलं.

परीक्षेनंतर तो एकटाच रेंजवर, नेमबाजीच्या सरावाला गेला होता, हेच मला माहीत नव्हतं. शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या बंदुकीतून उडालेली गोळीची गरम, रिकामी पुंगळी याच्या कॉलरमधून पाठीत गेली. पितळ चटके देत खाली सरकलं आणि हा नाचायला लागला, भरलेली बंदूक हातात घेऊन. वळला तेव्हा नळी शेजारच्या लेनकडे. रेंज ऑफिसर अख्ख्या रेंजला ऐकू जाईल असा ओरडला. बंदूक खाली ठेवायला लावली, त्या दिवसापुरतं बाहेर काढलं. पाठीवर अजून डाग आहे म्हणे. मी तो डाग बघितला होता आणि इस्त्रीचा समजले होते.

म्हणाला, "एका पुंगळीने माझं भान जातं, मग माणूस समोर आला तर काय होईल?"

मला काहीच सुचलं नाही. टॉवेल घेऊन भांडी पुसत राहिले.

---

निवृत्त_नाना (सॅन अँटोनिओ)

सूनबाई, पहिल्यांदा त्याला सांगा की पुंगळी कॉलरमध्ये गेली नाही असा नेमबाज मला अजून भेटलेला नाही. मी शनिवारी एका रेंजवर मदतीला असतो. तो ओरडणारा माणूस मीही असू शकलो असतो. ओरडतो ते अपमान करायला नाही, त्या क्षणी दुसरं काही कानात शिरत नाही म्हणून.

त्याचा प्रश्न मात्र खरा आहे, तो झटकून टाकू नका. त्याला उत्तर सरावाचं आहे. भाजलं तर भाजू द्यायचं, नळी समोरच, बोट ट्रिगरबाहेर, बंदूक टेबलावर ठेवायची आणि मग हवा तेवढा नाच. मी नव्या लोकांना हे कोरडं करून दाखवतो: रिकामी बंदूक हातात, मागून मी मानेवर बर्फाचा तुकडा टाकतो. पहिल्यांदा सगळे वळतात. पाचव्यांदा कुणी वळत नाही. अंगाला शिकवावं लागतं हो, डोक्याला सांगून भागत नाही. बाकी गळाबंद टीशर्ट, पुढे छज्जा असलेली टोपी, आणि कानात बोंडं घालून वर मफ असे दोन्ही.

परत रेंजवर जाल तेव्हा लगेच नऊ एमएमची ग्लॉक नको. .२२ ची, बारीक गोळीची पिस्तूल भाड्याने घ्या, तिला धक्का असा नाहीच. शेवटी नऊ एमएमच्या मॅगझिनमध्ये मधेमधे एखादी डमी (न उडणारी) गोळी घालायची, त्याला न दाखवता. डमी आली की नळी खाली झुकते का ते दिसतं. झुकली तर तो आवाजाआधीच दचकतोय.

मधेमधे डमी भरण्याचं काम तुम्ही करू नका. बायकोने नवऱ्याला आणि नवऱ्याने बायकोला दोन गोष्टी शिकवू नयेत, गाडी आणि बंदूक. दोन तासांचे पैसे देऊन तिऱ्हाईत इन्स्ट्रक्टर घ्या. तुम्ही गाडीत पुस्तक वाचत बसा.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. नव्या माणसाची बंदूक बाहेरच्या टॉयलेटमध्ये राहते. हुकला लटकवतात, टाकीवर ठेवतात आणि हात धुऊन निघून जातात. बंदूक होल्स्टरमध्येच, होल्स्टर पँटलाच, पँट घोट्याशी. आणि बंदूक परत होल्स्टरमध्ये घालताना घाई नको. काढायला घाई असते, घालायला कसली? बहुतेक स्वतःच्या मांडीत गोळ्या तिथेच जातात, शर्टाचं टोक नाहीतर जॅकेटची नाडी ट्रिगरमध्ये अडकून. होल्स्टरच्या तोंडाकडे बघून, सावकाश.

चेंबर रिकामं ठेवण्यावर भांडू नका सध्या. त्याला ट्रिगरवर विश्वास बसला की तो आपणच भरेल. आणि नाहीच बसला, तर खडूसकाका म्हणतात तेही चूक नाही.

---

खडूसकाका

नाना माझ्याशी सहमत! धागा जपून ठेवतो.

---

कॉटनवुड

साडेतीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

"घेतलीस का" विचारणं त्याच दिवशी बंद केलं. फार जड गेलं, जीभ चावून बसावं लागलं. बेल्ट आणला, घट्ट आहे म्हणून दोन दिवस कुरकुरला. इन्स्ट्रक्टरकडे दोनदा गेला. नानांची बर्फाची गोष्ट सांगितली तर त्या इन्स्ट्रक्टरने खरंच ती केली, आणि नवरा पहिल्यांदा वळलाच. हे त्याने मला हसत सांगितलं, म्हणून लिहिते.

दुकानात अजून नेत नाही. पण माजघरचा प्रयोग चालू आहे, मला न सांगता. गोळ्यांचा डबा हॉलच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला दिसला, तेव्हा कळलं. रविवारी आमच्याकडे सत्यनारायण होता, सोवळ्यात होता म्हणून त्या दिवशी सुट्टी. बाकी रोज रात्री मुलगी झोपली की क्लॉजेटमध्ये जातो, दार ओढून घेतो.

काल मी दिवा मालवून पडले होते. आतून टक् ऐकू आलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन अंधारातच म्हणाला,

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"अठरावा," म्हणाला, आणि पांघरूण ओढून घेतलं.